झाकणावरची कोनशिला

आमच्या सोसायटीचं गेट माझं तोंड ओळखतं. भाजीची पिशवी घेऊन मी आले की वरचा कॅमेरा लुकलुकतो, आतून एक बाई 'वेलकम, छाया' म्हणते आणि दांडा वर जातो. माझ्या नवऱ्यानं, संतोषनं, मला इतक्या प्रेमानं कधी हाक मारलेली नाही. मग मी पार्किंग ओलांडून लिफ्टपाशी जायचे. मधे बरेच दिवस तिथे 'लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व' असा कागद चिकटवलेला होता आणि मी पाच मजले चढायचे. लावला तेव्हा पांढरा होता तो कागद. पुढे पिवळा पडला.

संतोष म्हणतो, तुला राग फार लवकर येतो. साफ खोटं. मला उशीरच येतो, हीच माझी चूक.

इंदिरानगरातली आमची ही द्राक्षवेल रेसिडेन्सी. नावात द्राक्षवेल, आवारात एक वेल नाही. दर महिन्याला आम्ही सोसायटीला जे पैसे भरतो त्याला सगळे मेंटेनन्स म्हणतात. त्या मेंटेनन्समधून तोंड ओळखणारं गेट आलं, तक्रार नोंदवायचं ॲप आलं, जिन्यात माणूस आला की आपोआप लागणारे दिवे आले. मेंटेनन्स तेवढा झाला नाही. लिफ्टवाल्या कंपनीशी वर्षाचा करार असायचा. तो संपला आणि कुणी पुन्हा केला नाही, कारण त्या वर्षी आमच्या कमिटीला सेल्फी पॉइंट बांधायचा होता.

सेल्फी पॉइंट म्हणजे काय, तर गेटमधून आत आल्यावर लिफ्टच्या भिंतीला लागून एक ओटा. त्यावर माणसाच्या उंचीचा फायबरचा द्राक्षाचा घड, जांभळा, आतून दिवे लागणारा. ओट्याच्या मधोमध काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला, तिच्यावर सोनेरी अक्षरं. सगळ्यात वर भागातल्या पुढारी भाऊंचं नाव, त्याखाली चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, मग 'विशेष सहकार्य' म्हणून आणखी डझनभर. उद्घाटनाला बँजो होता. नारळ फुटला, पेढे वाटले, भाऊंनी फीत कापली आणि 'नाशिक आता मागे राहणार नाही' असं भाषण केलं. ज्यानं ओट्याच्या फरश्या बसवल्या त्याचं नाव त्या दगडावर नाही. बरंच झालं म्हणा, पुढचं ऐकल्यावर त्यालाही ते नको वाटलं असतं.

आता आमच्या आईंबद्दल सांगते. आई म्हणजे माझ्या सासूबाई, गोजराबाई. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, पण जीभ आणि हात शाबूत. त्यांची धाकटी बहीण लंकाबाई पिंपळगाव बसवंतला असते, मुलाकडे, कारभारीकडे. लंकामावशींना अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून उजवी बाजू लुळी. बोलणं अर्धं कळतं, अर्धं ओळखावं लागतं. पण केस! या वयातही कमरेच्या खाली. लग्नात त्या केसांचं अख्ख्या पिंपळगावानं कौतुक केलं होतं म्हणे. आजारपणात ते केस विंचरायला त्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. फक्त आईंना.

म्हणून दर गुरुवारी संतोष आईंना गाडीनं पिंपळगावला सोडायचा. आईंच्या पिशवीत तेलाची बाटली, मोठा कंगवा आणि बारीक दातांची फणी. त्या बहिणीला भिंतीला टेकवून बसवायच्या आणि टोकापासून सुरू करायच्या. गाठ आली की कंगवा खाली ठेवून बोटांनी सोडवायच्या, एक एक केस वेगळा करत. दुपार जायची त्यात. मी एकदा म्हटलं, आई, ओढून काढली की निघते पटकन. तर म्हणाल्या, "निघती गं. केस बी निघत्यात संगं."

लिफ्ट बंद पडली आणि हे गुरुवार बंद पडले.

पहिल्या आठवड्यात आम्ही ॲपवर तक्रार टाकली. ॲपनं लगेच हिरवी खूण दाखवली, 'तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' दुसऱ्या आठवड्यात पुन्हा टाकली, पुन्हा हिरवी खूण. मग मी ॲप बाजूला ठेवलं आणि चेअरमनच्या दारावर जाऊन थापा मारल्या. चेअरमन म्हणजे हर्षल. चाळिशीच्या आतला, घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारा, गळ्यात कायम हेडफोन. मुलगा वाईट नाही. कुणाला वाईट बोलत नाही, आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडताना जीव नकोसा होतो.

त्यानं लिफ्टचा मेकॅनिक बोलावला. महेश त्याचं नाव. त्यानं लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात बॅटरी मारली आणि लगेच बाहेर आला. "पाणी भरलंय खाली. घाण पाणी. वायरिंग भिजलंय. मी ही चालू करून देणार नाही, कुणाला शॉक बसला तर?" पाणी मोटारीनं उपसलं, संध्याकाळी पुन्हा तेवढंच. महेश म्हणाला, बाजूचं गटाराचं चेंबर तुंबलं असणार, भिंतीतून झिरपतंय. आधी ते मोकळं करा, मग मला बोलवा.

चेंबर कुठे आहे हे सोसायटीतल्या प्रत्येक जुन्या माणसाला माहीत होतं. पूर्वी दर पावसाळ्याआधी सफाईवाले पहारीनं त्याचं झाकण उचलायचे आणि वास येतो म्हणून आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. ते झाकण आता दिसत नव्हतं, कारण त्याच्यावर द्राक्षाचा घड उभा होता. झाकण भक्कम, जागा दर्शनी, पूर्वेकडे तोंड, आयता पाया मिळतोय, मग कशाला वेगळं काँक्रीट घाला, असा हिशेब करून या शहाण्यांनी गटाराच्या तोंडावर कोनशिला बसवली होती. दगड बरोब्बर झाकणाच्या मधोमध. एकाच्याही मनात आलं नाही की झाकण असतं ते उघडण्यासाठी!

"मग फोडा," मी म्हटलं.

हर्षलनं मीटिंग लावली. पार्किंगमध्ये खुर्च्या, पांढरा पडदा, प्रोजेक्टर. मला वाटलं, चेंबर कधी फोडायचं ते ठरेल. पडद्यावर आलं काय, तर चकचकीत स्टीलची नवी लिफ्ट.

"काकू, तुमचा पॉइंट बरोबर आहे," तो मला म्हणाला. "पण जुन्या सिस्टीमवर आपण किती दिवस खर्च करत बसणार? पुढच्या वर्षी आपण स्मार्ट लिफ्टच बसवू. चेहरा ओळखून तुमच्या मजल्यावर नेणारी. बटणच नाही! नाशिकमध्ये कुठल्याच सोसायटीत नाही अशी."

टाळ्या पडल्या. पाय धड असलेल्या माणसांच्या टाळ्या.

"आणि तोवर?" मी उभी राहिले. "तोवर माझ्या सासूनं काय खिडकीतून उडी मारायची?"

"काकू, भावना समजतात."

"भावना नको समजूस बाबा. झाकण उघड. लिफ्ट चांगली आहे, तिच्या पायाशी गटार तुंबलंय, एवढंच आहे. त्याला पडदा कशाला लागतो?"

मागच्या खुर्चीवरून एक रिटायर्ड काका म्हणाले, कोनशिला फोडणं अशुभ असतं. दुसरे म्हणाले, भाऊंचं नाव आहे वर, त्यांना कळलं तर रस्त्याच्या डांबराचं काम राहील. तिसरी एक बाई, तळमजल्यावरची, म्हणाली, घड इतका सुंदर दिसतो, परवाच आमच्याकडच्या डोहाळजेवणाचे सगळे फोटो तिथे काढले. संतोषनं माझा पदर ओढला, जाऊ दे म्हणून. माझ्या संसारातली निम्मी भांडणं या 'जाऊ दे'वरून झालेली आहेत.

इकडे पिंपळगावहून फोन येत होते. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात. कारभारीची बायको हिरा सकाळी द्राक्षाच्या पॅकहाऊसवर घडातले खराब मणी काढायला जायची ती अंधार पडल्यावर यायची. तिनं दोनदा मावशींच्या केसांना कंगवा लावायचा प्रयत्न केला, मावशींनी डाव्या हातानं तिचा हात बोचकारला. हर्षलच्या बायकोनं सुचवलं, आजींना व्हिडिओ कॉल लावून द्या ना. दिला लावून. पडद्यावर मावशींचं अर्धं तोंड आणि डोक्यावर बांधलेलं मळकं फडकं दिसलं. आईंनी काचेवर बोट फिरवलं. फोनचा कॅमेराच उलटा फिरला आणि आमचं छत दिसायला लागलं.

"गाठी झाल्या असतील गं तिला," आई म्हणाल्या. "फडकं कशाला बांधलंय? झाकून ठिवल्यात गाठी."

खुर्चीत बसवून उतरवू, असं संतोष पहिल्यापासून म्हणत होता. आई नाही म्हणायच्या. "चार माणसं मला एकदाच उचलत्याल. तवा मी वरडायची नाय. आता जिती हाय." पण त्या कॉलनंतरच्या गुरुवारी त्या आपण होऊन म्हणाल्या, "बोलव चार जणांना." पिशवी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. सोसायटीतले चार तरुण आले, चांगले, मनापासून आलेले. मी पुढे, जिन्याच्या कडेनं, हात धरून.

पाचव्यावरून चौथ्याच्या वळणावर आलो तर खाली हर्षल उभा. मोबाइल आडवा धरलेला. "थोडं हळू घ्या, आजींचा चेहरा येऊ दे. आजी, एकदा स्माइल!" मोबाइलमधून गाणंसुद्धा वाजत होतं, नंतर जोडायला नको म्हणून.

आईंनी डोळे उघडले. चार माणसांनी उचललंय, खाली गाणं लागलंय आणि कुणीतरी फोटो काढतंय. त्यांनी कठडा असा घट्ट धरला की खुर्ची तिरकी झाली, एका मुलाचा तोल गेला, आणि त्या ओरडल्या, "वर न्या मला! वर न्या!" मी त्यांची बोटं कठड्यावरून एक एक करून सोडवली. तसंच परत वर नेलं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. आईंच्या ओरडण्याच्या आधी कापलेला. खाली लिहिलं होतं, 'ही आहे आपली द्राक्षवेल फॅमिली', दोन हात जोडलेले, तीन हृदयं.

त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही. संतोषनं गुपचूप पोहे केले. चांगले झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोरक्षला बोलावलं. गोरक्ष आमच्या भागातला प्लंबर. त्यानं ओटा बघितला, दगडावरची नावं वाचली आणि हात मागे बांधले. "मॅडम, खालचं सगळं साफ करून देतो. दगडाला मात्र मी हात लावणार नाही. उद्या माझं नाव येईल."

"तुझं नाव कशाला येईल? इथे नावांना जागा कुठे आहे?" मी म्हटलं. "घण दे इकडे."

घण माझ्या अंदाजापेक्षा जड निघाला. पहिला घाव भाऊंच्या आडनावावर बसला. नुसता पांढरा ओरखडा उठला. दुसरा खजिनदारावर. तिसऱ्या घावाला दगड तडकला आणि मला जे बरं वाटलं ते मी लपवणार नाही. खिडक्या उघडल्या. कुणी म्हणालं, अहो छायाताई! रिटायर्ड काका चपला न घालता धावत आले. संतोष खाली आला. मला वाटलं, हा आता हात धरणार. त्यानं द्राक्षाच्या घडाला मिठी मारली, खांदा लावून तो उपटला आणि बाजूला आडवा ठेवला. एवढ्या वर्षांत मला त्याचा इतका अभिमान वाटला नव्हता.

हर्षल पोचला तोवर गोरक्षनं दगडाखालच्या फरश्या काढून, पहार घालून झाकण उचललं होतं. वास असा आला की जमलेल्या गर्दीचा गोल एकदम मोठा झाला. चेंबरच्या तोंडाशी सिमेंटचा दगडासारखा थर होता. ओटा बांधताना घमेली आणि थाप्या तिथेच धुतल्या होत्या. त्या सिमेंटला हारांचे दोरे अडकलेले, नारळाच्या शेंड्या, पेढ्यांच्या खोक्याचा एक तुकडा. उद्घाटनाचा सगळा कचरा झाडूनं बाजूच्या जाळीतून आतच लोटला होता. त्याच्यामागे अख्ख्या बिल्डिंगच्या स्वयंपाकघरांचं पाणी तुंबून वाट शोधत होतं, आणि त्याला वाट मिळाली होती लिफ्टच्या खड्ड्यात.

"बघ," मी हर्षलला म्हटलं. "काढ व्हिडिओ. आता का नाही काढत?"

त्यानं नाक धरलं होतं. "काकू, हे असं बोलून करायला पाहिजे होतं. आपण एक सबकमिटी…"

"गटाराला सबकमिटी लागत नाही रे. वर्षातून एकदा झाकण उघडायला माणूस लागतो. तो तुम्ही कमी केलात, आणि त्याच्या जागी हे जांभळं बोचकं उभं केलंत!"

माझा आवाज चिरकला होता, शेजारच्या सोसायटीपर्यंत जात होता. जाऊ दे, म्हटलं.

गोरक्षनं छिन्नीनं थर फोडला आणि पाणी गडगडत गेलं. मग महेश आला, खड्डा उपसून कोरडा केला, वायर बदलली, काही भाग बाजारातून आणावा लागला. त्यात पुढचा गुरुवार आला. सकाळी लिफ्टचा दिवा लागला. आई पिशवी घेऊन दारात कधीच्या उभ्या होत्या. खाली उतरताना त्यांनी आतल्या कठड्यावरून हात फिरवला, जसा गायीच्या पाठीवरून फिरवतात.

पिंपळगावला पोचलो तेव्हा हिरा घरी होती. तिनं मुद्दाम सुट्टी घेतली होती हे मला तिच्या तोंडावरूनच कळलं. ती दारातच आईंच्या पाया पडली आणि उठेना.

"मावशी, मी काय करू सांगा," ती म्हणाली. "लय गाठी झाल्या व्हत्या. उवा झाल्या. डोक्याला फोड आले, रातभर खाजवायच्या. डाक्टर म्हनला, काढून टाका. परवा काढले."

लंकामावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोकं लहान मुलीच्या जावळासारखं, पांढरं, बारीक, कुठे कमी कुठे जास्त कापलेलं. आईंना बघून त्यांनी डाव्या हातानं डोकं झाकून घेतलं. लाजल्या त्या. मला कुणावर तरी ओरडायचं होतं. कडकडून, नाव घेऊन ओरडायचं होतं, आणि त्या घरात असं कुणीच नव्हतं ज्याच्यावर ओरडावं. हिराच्या बोटांना द्राक्षाच्या कात्रीचे घट्टे पडले होते.

आईंनी हिराच्या पाठीवर हात ठेवला, तिला बाजूला केलं आणि बहिणीजवळ बसल्या. मावशींचा हात हळूच खाली घेतला. बाटली उघडली, तळव्यावर तेल घेतलं आणि त्या उघड्या डोक्यावर चोळायला लागल्या. मग फणी काढली. विंचरायला काही नव्हतं. तरी विंचरलं, टाळूपासून मानेपर्यंत, सावकाश, नेहमीची दुपार संपेपर्यंत. मावशींनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी परत आलो. गेट मला 'वेलकम, छाया' म्हणालं. लिफ्टपाशी माणसं जमली होती. दाराला लाल रेशमी फीत बांधलेली, वर फ्लेक्स: 'नूतनीकृत लिफ्टचे लोकार्पण', खाली कमिटीचे फोटो, सगळ्यांचे. हर्षल हसत पुढे आला. हातात ताट, ताटात हळदकुंकू, नारळ आणि कात्री.

"आजी, तुमच्यासाठीच थांबलो होतो. तुमच्या हस्ते!"

मोबाइल वर झाले. आई त्या कात्रीकडे बघत राहिल्या. मी ताट उडवायला हात उचलला होता, खरं सांगते. आईंनी माझा हात धरला.

"कापायचं नगं," त्या म्हणाल्या. "कापून झालं."

त्या दारापाशी गेल्या आणि फितीची गाठ बोटांनी चाचपू लागल्या. गाठ पक्की बसली होती. तेलकट बोटांनी त्यांनी ती आधी सैल केली, मग एक टोक मागे ओढलं, मग दुसरं. सगळे ताटकळले. कुणीतरी मोबाइल खाली घेतला. गाठ सुटली तशी आईंनी फीत हाताभोवती गुंडाळली आणि पिशवीत, फणीजवळ ठेवली.

"आजी, ती…" हर्षल म्हणाला. "म्हणजे, परत एकदा बांधू का? व्हिडिओत कात्री आलीच नाही."

मी आईंना आत घेतलं आणि पाचाचं बटण दाबलं. लिफ्ट हलली. आईंनी पिशवी पोटाशी धरली होती.

"तिचे केस वाढले की बांधीन फीत," त्या म्हणाल्या. दुसऱ्या मजल्यापाशी त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वाढतील ना गं, छाया? या वयात?"

"वाढतील," मी म्हणाले, आणि रागानं मला रडू फुटलं.